विधवा प्रथा बंदीचा ठराव आणि सदस्यांची आचारसंहिता एकाच ग्रामसभेत घ्यायची आहे. अनुभव सांगा

बाभूळबन

नमस्कार. माणदेशातल्या एका लहान गावात मी ग्रामपंचायत सदस्य आहे. माझी ही पहिलीच टर्म. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे दोन विषय ठेवायचं मनात आहे, आणि दोन्हींबद्दल जाणत्या लोकांशी बोलायचं आहे.

पहिला विषय घरातूनच आलाय. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे थोरले दीर गेले. देह घरी आलाच नाही. त्यामुळे जे करायचं ते दहाव्याला केलं. जाऊबाईंना परसात नेलं, पाट्यावर हात ठेवायला लावला आणि बांगड्या फोडल्या. काच मनगटात शिरली. उपकेंद्रातल्या सिस्टरनी चिमट्यानं ती काढली. तो हात पाट्यावर मी धरला होता. मोठ्या बायकांनी धर म्हटलं आणि मी धरला. पुढच्या वर्षी पुतणीची हळद होती, तेव्हा तिची स्वतःची आई दिवसभर चुलीपुढे बसून राहिली. कुणी हाकललं नव्हतं. तिची तिच उठून आत गेली.

दुसरा विषय महिला सभेतून आला. पहिल्या विषयाची चाचपणी करायला आम्ही बसलो होतो. एक आजी शांतपणे म्हणाल्या, "आमच्या कपाळाचं तुम्ही ठरवताय, ते चांगलंच हाय. पर अंगणवाडीचं छत गळतंय ते काम कुणाच्या पाहुण्याला दिलं, ते कधी ठरवणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. काम एका सदस्याच्या भाच्याकडे गेलंय, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

तेव्हापासून वाटतंय, लोकांनी घरात कसं वागावं हे सांगण्याआधी आम्ही पंचायतीत कसं वागणार ते लिहून द्यायला हवं. नात्यातल्या माणसाचं काम किंवा बिल चर्चेला आलं तर सदस्यानं तसं सांगावं आणि उठून जावं. महिन्याचा जमाखर्च फलकावर लागावा. महिला सदस्याच्या खुर्चीवर तिनंच बसावं. एवढं तरी.

असे ठराव टिकतात का? की फोटो निघतो, पेपरात येतं आणि विषय तिथंच संपतो?

पंचगंगाकाठ

ताई, मी शिरोळ तालुक्यातला. हेरवाड आमच्यापासून लांब नाही, म्हणून तिथलं जे माहीत आहे ते लिहितो.

हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे सगळं त्यात नाव घेऊन लिहिलं होतं. तेव्हा सुरगोंडा पाटील सरपंच होते. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. महाराज ६ मे १९२२ ला गेले. ज्या कोल्हापूर संस्थानात १९१७ साली विधवा पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला गेला, तिथल्या एका खेड्यानं शंभर वर्षांनी हे पाऊल उचललं. आम्हा इकडच्या लोकांना त्याचं अप्रूप आहे.

पण हा ठराव काही आकाशातून पडला नाही. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे आधीपासून यासाठी गावोगाव फिरत होते. आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर या प्रथा लादू नयेत, असं प्रतिज्ञापत्र त्यांनी स्वतः करून ठेवलं. कोरोनात गावोगावी तरणी माणसं गेली होती. पंचविशी-तिशीतल्या पोरींवर हे सगळं होताना लोकांनी पाहिलं होतं आणि आतून हलले होते. जमीन नांगरलेली होती, म्हणून बी रुजलं.

हेरवाडनंतर हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनं तसाच ठराव केला. १९२० च्या परिषदेचं, शाहू महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले ते माणगाव. १७ मे २०२२ ला राज्य सरकारनं परिपत्रक काढलं आणि इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचं अनुकरण करावं असं सांगितलं. मग पुष्कळ गावांनी ठराव घेतले.

टिकतात का विचारलंत. माझ्या पाहण्यातलं सांगतो. ठरावानंतर पहिलं मरण ज्या घरात होतं, तिथं गावाची परीक्षा असते. त्या दिवशी चार ठाम बायका त्या घरात हजर असल्या तर ठराव जगतो. नसल्या तर तो दप्तरात राहतो.

कंदील

बाभूळबन, तुमच्या हेतूबद्दल मनात आदर आहे. तरी दोन गोष्टी बोलायलाच हव्यात.

एक, ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. उद्या एखाद्या सासूनं जबरदस्ती केली तर या ठरावावर बोट ठेवून पोलीस गुन्हा नोंदवू शकत नाहीत. गावात तसा समज पसरवू नका. नाहीतर पहिल्याच प्रसंगी लोक म्हणतील, काय झालं तुमच्या ठरावाचं?

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. मी रायगडचा. वाळीत टाकणं काय असतं ते आमच्या भागानं भोगलंय. घरच्या लग्नाला कुणी यायचं नाही, विहिरीवर कुणी बोलायचं नाही, दुकानदारानं मीठ द्यायचं नाही. आणि हे सगळं 'गावानं ठरवलंय' या दोन शब्दांवर. अशा घटना लागोपाठ उजेडात आल्या, म्हणून तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा झाला आणि जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड.

म्हणून 'गावानं ठरवलं' हे शब्द ऐकले की मी आधी विचारतो, कुणाबद्दल ठरवलं आणि ती व्यक्ती तिथं होती का? आज बांगड्या न फोडण्याचा ठराव, तो चांगलाच आहे. उद्या हीच ग्रामसभा पोरींनी मोबाइल वापरू नये असा ठराव करेल. प्रेमविवाहाला आईबापांची लेखी संमती हवी असे ठराव राज्यात झालेले आहेत. दार एकच आहे. त्यातून कोण आत येतंय, हे बघायला दारात कुणीतरी उभं हवं.

बाभूळबन

कंदील दादा, हा धोका माझ्या डोक्यात आलाच नव्हता. म्हणजे 'बंदी' हा शब्दच नको का?

कंदील

शब्दापेक्षा कर्ता बघा. 'विधवेने कुंकू लावावे' हा एक ठराव. 'कोणीही तिच्यावर सक्ती करू नये' हा वेगळा. पहिल्यात तुम्ही तिला बांधता, दुसऱ्यात इतरांना.

उंबरठा

मी सहसा फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. आमच्याही गावात २०२२ ला ठराव झाला. त्यानंतर संक्रांतीला मंडळाच्या बायका मला बोलवायला आल्या. हळदीकुंकू, वाण, सगळं दिलं, प्रेमानं दिलं. मी गेले. पंचायतीच्या लोकांनी हार घातला, फोटो काढले. घरी आले आणि खूप वेळ बसून राहिले. वाईट वाटलं असं नाही. पण त्या वर्षी माझं दुखणं वेगळंच होतं. घर सासऱ्यांच्या नावावर होतं आणि धाकट्या दिरांनी ते आपल्या एकट्याच्या नावावर करून घ्यायची तयारी चालवली होती. पंचायतीत मी तीन हेलपाटे घातले. ज्यांनी मला हार घातला त्यांच्याच कार्यालयात 'भाऊसाहेब (म्हणजे ग्रामसेवक) मीटिंगला गेलेत' एवढंच ऐकलं.

मी कुंकू लावते, माझी चुलत जाऊ लावत नाही. ती म्हणते, आता नकोच वाटतं. तिलाही कुणी विचारू नये असं मला वाटतं.

ठरावात एवढं घाला की माणूस गेल्यावर पंचायत स्वतः त्या बाईच्या दारी येईल. कागद घेऊन येईल. हार नको.

पाटपाणी

उंबरठा ताई, तुमचं वाचून थांबलो. इतक्या वर्षांत हे असं कुणी सांगितलं नव्हतं.

रोकडवही

मी एकतीस वर्षं ग्रामसेवक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. (हल्ली या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.) वरच्या ताईंना हेलपाटे घालायला लावणारा कोणी माझ्याच खात्यातला होता, याची लाज वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाभूळबन ताई, तुमचे दोन विषय वेगळे नाहीत. एकच आहे. ठराव पंचायतीला बांधणारा करा. गावातल्या प्रत्येक मृत्यूनंतर पंचायत अमुक दिवसांत अमुक गोष्टी करील, असं लिहा. त्यात घालण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. गावातल्या मृत्यूची नोंद पंचायतीतच होते. दाखला तिच्या हातात नेऊन द्यायला काय अडचण आहे? सगळी गाडी या दाखल्यावर चालते. कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि कमावतं माणूस १८ ते ५९ वयात गेलं असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. ही रक्कम मागायचीच राहून गेलेली घरं मी स्वतः पाहिली आहेत, कारण त्या दिवसांत कुणाला सुचत नाही. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिना १,५०० रुपये मिळतात. २०२३ पर्यंत ते १,००० होते. वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपयांची आहे, त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे जावं लागतं. सातबाऱ्यावरची वारस नोंदही तलाठ्याकडेच. पण घराची नोंद आपल्याकडे आहे, नमुना ८ वर. त्यावर नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावता येतं. 'घर दोघांचं' म्हणून त्यासाठी मोहीमही झाली होती. नवरा जिवंत असतानाच हे झालं, तर नंतरचे निम्मे तंटे उभेच राहत नाहीत. तुमच्या गावात साधारण किती घरं असतील, सहाशे? एका हिवाळ्यात होईल.

आता पैशाचं. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. उरतील तर करू, असं त्यात चालत नाही. १० टक्क्यांचं काय झालं, हा प्रश्न महिला सभेत विचारा. पुष्कळ ठिकाणी उत्तर 'शिलाई मशीन' असं येतं आणि मशीन कुणाच्या घरी आहे ते कळत नाही. अंगणवाडीच्या छताचा प्रश्न विचारणाऱ्या त्या आजींना माझा नमस्कार सांगा. सामाजिक लेखापरीक्षण म्हणतात ते हेच.

नात्यातल्या कामाबद्दल. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं आहे आणि त्यातलं कलम १४ अपात्रतेचं. पंचायतीच्या कामात वा कंत्राटात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर सदस्यत्व जाऊ शकतं. सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाचंही तसंच. कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणात सदस्य राहत असेल तरी तो अपात्र ठरतो, असं २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. गैरवर्तन, कर्तव्यात कसूर यासाठी कलम ३९ आहे. म्हणजे तुम्ही जी आचारसंहिता म्हणताय, तिचा कणा कायद्यात आधीच आहे. ग्रामसभेपुढे मोठ्यानं वाचली जात नाही, एवढंच. पण 'अप्रत्यक्ष' शब्दाची फोड करायला लोक कोर्टात जातात आणि भाचा त्यात सहसा बसत नाही. म्हणून तुमचं कलम हवंच.

शेवटचं आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक सभेच्या नोटिशीवर पहिला विषय काय असतो? 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' एकतीस वर्षांत मी हा विषय किती वेळा अर्ध्या मिनिटात उरकला, ते मोजता येणार नाही. 'वाचलं असं समजा' म्हणायचं आणि पुढे जायचं. तुमचे दोन्ही ठराव टिकवायचे असतील तर हा एक विषय उरकू देऊ नका. मागच्या वेळी ठरलं त्याचं काय झालं, प्रत्येक ठरावाला एक वाक्य, मोठ्यानं. ते वाक्य गावासमोर म्हणावं लागणार आहे, हे माहीत असलं की माणूस काम करतो. मीही केलं असतं.

सत्तरीकर

रोकडवही काकांनी नेमकं बोट ठेवलं. आमच्या गोव्यात ग्रामसभा रविवारी असतात. चर्चहून नाहीतर देवळातून लोक सरळ पंचायतीत येतात. पहिला वाद बहुधा मागच्या सभेच्या इतिवृत्तावरच होतो. आम्ही हे बोललो होतो, ते तुम्ही लिहिलंच नाही, इथून सुरुवात. बांधकामांना परवाने, डोंगरकापणी, शेतजमिनीत भराव, हे आमचे विषय, आणि त्यात इतिवृत्तातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर डोंगर जातो. म्हणून लोक मोबाइलवर रेकॉर्डिंग करतात. आवाज चढतात. पण कोणी 'वाचलं असं समजा' म्हणू शकत नाही.

तुमच्याकडे सभा २६ जानेवारी, १ मे अशा झेंड्याच्या दिवशी असतात ना? मग शाळेचे कार्यक्रम, पाहुणे, जिलेबी आणि घाई. एखादी सभा रविवारी ठेवून बघा.

दूरदेशी

मी पुण्याची, आता इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहते. इथल्या पॅरिश कौन्सिलमध्ये, म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीत, मी दोन वर्षं सदस्य आहे. मानधन नाही. विषय म्हणजे स्मशानाचं गवत, खेळाच्या मैदानातले झोपाळे, बसथांबा. बाभूळबन यांचं आचारसंहितेचं वाचलं म्हणून लिहितेय.

निवडून आल्यावर २८ दिवसांत मला माझी नोकरी, घर, जमीन, कुणाशी कंत्राट असेल ते, सगळं लिहून द्यावं लागलं. नवऱ्याचंही. ते संकेतस्थळावर टाकतात, कुणीही वाचू शकतो. २०११ च्या कायद्यानं हे बंधनकारक आहे आणि मुद्दाम लपवलं तर तो गुन्हा आहे. प्रत्येक सभेत सुरुवातीलाच एक विषय असतो, हितसंबंध जाहीर करणे. पहिल्या सभेत मला ते अवघडल्यासारखं झालं. एक वयस्क सदस्य उठले, म्हणाले, "सातव्या विषयातला कुंपणवाला माझा मेहुणा आहे," आणि सातवा विषय आला तेव्हा बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. कुणी हसलं नाही, कुणाला राग आला नाही. त्यांच्या मेहुण्यालाच काम मिळालं, कारण त्याचं टेंडर सगळ्यांत स्वस्त होतं. नात्यातल्या माणसाला काम मिळूच नये असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ते कळावं आणि ठरवताना आपण तिथं नसावं, एवढंच.

इथल्या आचारसंहितेच्या मुळाशी सात तत्त्वं आहेत. १९९५ साली लॉर्ड नोलन यांच्या समितीनं ती मांडली. निःस्वार्थीपणा, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा, नेतृत्व. पण इथं सगळं आलबेल आहे असं समजू नका. संहिता मोडणाऱ्या सदस्याला निलंबित करायचा अधिकार २०११ च्या त्या कायद्यानंतर कौन्सिलकडे राहिला नाही. फार तर ठपका ठेवतात, समितीवरून काढतात. दादागिरी करणारे सदस्य ठपका खिशात घालून पुढच्या सभेला हजर होतात. दात नसलेल्या संहितेचा त्रास आमच्या क्लार्कबाईंनी भोगलाय, आणि शेवटी त्यांनीच नोकरी सोडली. सदस्यांनी कर्मचाऱ्यांशी कसं बोलायचं, हेही तुमच्या ठरावात असू द्या. शिपाई, पाणी सोडणारा, संगणकावरची मुलगी. त्यांच्या बाजूनं सभेत कुणी बोलत नाही.

गोदाकाठ

बोलण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावानं २०२४ च्या शेवटी आईबहिणीवरून शिव्या देण्यावर बंदीचा ठराव केला, पाचशे रुपये दंड ठेवला. दंड वसूल करायचा अधिकार किती, यावर कंदील यांच्यासारखे लोक बोलतीलच. पण भांडण दोन पुरुषांचं आणि शिवी तिसऱ्याच बाईला, हे चूक आहे असं ग्रामसभेच्या कागदावर आलं, याची किंमत मला मोठी वाटते. माझी आई म्हणाली, "पन्नास वर्षं ऐकतेय, कुणी मोजलं नव्हतं."

पाटपाणी

कायद्याचा आधार असलेलं उदाहरण हवं असेल तर दारूबंदीचं घ्या. गावातल्या पंचवीस टक्के मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं आणि निम्म्याहून जास्त मतदारांनी आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या खुणेला, मत दिलं की दुकान बंद. नुसत्या महिलांचं मतदानही घेता येतं. तिथं बाईनं मत दिलं की सरकारला हलावं लागतं.

हिवरे बाजारचं उदाहरण नेहमी देतात, पण अर्धवट देतात. १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाल्यावर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आली, हे सगळे सांगतात. खरी मेख पुढे आहे. दर वर्षी पाऊस मोजून, पाण्याचा हिशेब ग्रामसभेत मांडून, मग पिकं ठरतात. पाऊस कमी तर जास्त पाण्याची पिकं नाहीत. म्हणजे मागच्या वर्षी काय ठरलं होतं आणि विहिरींत किती राहिलं, हे आकड्यात दर वर्षी लोकांसमोर येतं. काका म्हणतात ते 'प्रत्येक ठरावाला एक वाक्य' तिथं वर्षानुवर्षं चाललंय.

पंचगंगाकाठ

सांगलीकडचं मोहित्यांचे वडगाव पण आहे. २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. दंड नाही, सक्ती नाही. भोंगा रोज वाजतो, आणि रोज वाजतो म्हणूनच तो ठराव लोकांच्या लक्षात राहतो.

बाभूळबन

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलंय. उंबरठा ताई, तुमचा मजकूर मी जाऊबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "हार नको, हे बरोबर लिहिलंय." सभेनंतर इथंच लिहीन.

बाभूळबन (नोव्हेंबर)

लिहायला उशीर झाला.

२ ऑक्टोबरला कोरम झाला नाही. १५ टक्के किंवा शंभर, यातली लहान संख्या लागते, तेवढीही आली नाही. तहकूब सभा सत्तरीकरांचं ऐकून रविवारी ठेवली. दवंडी दिली, बचत गटांच्या वहीत निरोप लिहून पाठवला. तहकूब सभेला कोरमची अट नसते, तरी त्या दिवशी समाजमंदिरात बसायला जागा उरली नाही. बायका साठ-सत्तर तरी असतील.

ठराव 'बंदी' न म्हणता केला. 'पतीच्या निधनानंतर कोणत्याही स्त्रीवर कोणताही विधी करण्याची अथवा न करण्याची सक्ती कोणीही करू नये. सण, लग्नकार्य, हळदीकुंकू यांत तिचा मान इतर स्त्रियांसारखाच राहील.' त्याखाली पंचायतीचं काम. पंधरा दिवसांच्या आत ग्रामपंचायत अधिकारी आणि त्या वॉर्डाची सदस्य घरी जाईल, मृत्यूचा दाखला नेऊन देईल, योजनांचे अर्ज भरून घेईल. किती घरी गेलो ते पुढच्या सभेत वाचायचं.

एक म्हातारे बाबा म्हणाले, शास्त्रात आहे ते बदलणारे तुम्ही कोण? सभा गप्प झाली. जाऊबाई उठल्या. मी त्यांना बोला म्हटलं नव्हतं. मनगट पुढे केलं आणि म्हणाल्या, "मामंजी, ही खूण बघा. हे शास्त्रात कुठं लिहिलंय ते दाखवा, मी बसते." बाबा खाली बघत राहिले. मग त्यांनीच हात वर केला.

सदस्यांच्या आचारसंहितेतली तीन कलमं झाली. फलकावर जमाखर्च, महिला सदस्याची खुर्ची, कर्मचाऱ्यांशी वागणं. दूरदेशी ताई, हे तिसरं कलम तुमच्यामुळे आलं. पाणी सोडणाऱ्या दादांनी सभा संपल्यावर येऊन ते पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं. नात्याच्या कलमावर मात्र सदस्यांतच चार विरुद्ध चार झालं, आणि सरपंचांनी ते 'पुढील सभेत विचारार्थ' ठेवलं. मला त्याचं फार वाईट वाटलं. पण त्या आजींनी जाताना माझ्या हाताला धरून सांगितलं, पुढच्या सभेला मी लवकर येते, पुढं बसते.

आणि पहिलं मरण झालं. गेल्या आठवड्यात, माझ्याच वॉर्डात, ट्रॅक्टर उलटून एक जण गेला. त्याची बायको चोवीस वर्षांची, पदरात दोन लेकरं. दहाव्याच्या आदल्या रात्री जाऊबाई, मी आणि बचत गटातल्या तिघी तिच्या घरी मुक्कामाला राहिलो. सकाळी तिच्या सासूनं विचारलं, मग जोडव्यांचं काय करायचं? जाऊबाई म्हणाल्या, तिचं ती ठरवील, आज काहीच ठरवायचं नाही. पाटा परसात होता तिथंच राहिला. पोरगी अजून कुणाशी बोललेली नाही.

काल दाखला नेऊन दिला. कुटुंब लाभ योजनेचा अर्ज भरला, पण नवऱ्याच्या आधार कार्डावरचं वय आणि शाळेच्या दाखल्यावरचं वय जुळत नाही. सोमवारी तहसीलला जाणार आहोत. रोकडवही काका, एक विचारायचं होतं. नमुना ८ वर तिचं नाव लावायला सासऱ्यांची सही लागेल का?

रोकडवही

घर आज कुणाच्या नावावर आहे, ते आधी बघा. मुलाच्या नावावर असेल तर वारस म्हणून तिचं आणि लेकरांचं नाव लागेल. सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांची संमती लागेल. घाई करू नका, त्यांचाही मुलगा गेलाय. पण मासिक सभेच्या आधी एकदा त्यांच्याशी शांतपणे बोला, आणि उताऱ्याची नक्कल सोमवारी निघण्यापूर्वी काढून सोबत ठेवा. तहसीलला लागेल.